मागल्या दारची पायरी

बर्फाच्या फॅक्टरीचं कॅलेंडर आहे स्वयंपाकघरात.
त्यावर दोन माणसांच्या खुणा:
नवऱ्याच्या निळ्या, भरती-ओहोटीच्या,
माझ्या लाल, टिंबाएवढ्या.
निळ्या अजून रोज पाऊण तास पुढे सरकतात, शिस्तीत.
लाल डिसेंबरात दोनदा आल्या,
जानेवारी-फेब्रुवारी कोरे,
आणि मार्चात अशा
की गोधडी विहिरीवर नेली
शेजार उठायच्या आत.

शनिवारी निवतीच्या बंदरावर, लिलावात,
टोपलीत समोर तो मासा, चंदेरी, पसरट.
वीस वर्षं विकला.
आणि नाव येईना.
सुरमई आलं, मोरी आलं,
मेलेल्या काकाचं नाव आलं,
त्याचं नाही.
बोट दाखवलं. "ह्यो. दोन वाटे."
कुंदा तांडेल हसली, मीही हसले,
तोवर कानशिलं तापली, मग मान, मग पाठ,
जणू आत कोणी चूल फुंकली
आणि फुंकणी तिथेच टाकून निघून गेलं.

उपकेंद्रातल्या सिस्टर परुळ्याच्या.
दंडाला पट्टा बांधला, बोट टोचलं,
लोहाच्या गोळ्या दिल्या.
"पाळी जायच्या आधीची वर्षं ही.
नीट निरोप घेऊन जात नाही ती,
उंबऱ्यावर रेंगाळते.
पण तासातासाला कापड भिजायला लागलं
तर थेट कुडाळ गाठ. माझी वाट बघू नको."
पंधरा मिनिटं लागली.
म्हणजे याला नाव होतं तर.

तेव्हापासून दुसरा चहा बंद.
पहिला नाही, पहिल्यासाठी मी भांडेन.
चार वाजता नाचणीची आंबील, ताक घालून;
आधी औषधासारखी प्यायचे, आता वाट बघते.
नायलॉनचा गाऊन लादी पुसायला गेला,
आईच्या जुन्या लुगड्याचे दोन शिवले,
वापरून वापरून सायीसारखं झालेलं सूत.
उन्हं उतरली की कुंदाबरोबर पुळणीतून खडकापर्यंत,
चपला हातात.
जाताना ती बोलते, येताना मी.
कधी नुसती रडते. तेही चालत.

रोज जमत नाही.
मंगळवारी डब्याच्या झाकणावरून
पोरावर असं ओरडले
की मांजर माडावर चढलं.
रात्री त्याला म्हटलं, तुझं चुकलं नव्हतं.
"माहीत आहे," म्हणाला, मोबाइलमधून मान न काढता.
झाकण मात्र अजून सापडलेलं नाही.

रात्रीचे तीन.
मागल्या दारची पायरी, चिऱ्याची, गार.
मानेवर ओला पंचा.
दीपगृहाचा उजेड शेंड्यांवरून जातो, फिरून येतो.

इथेच बसायची माझी सासू.
ओल्या लुगड्यात, अशाच वेळी, न बोलता.
लोक म्हणाले, बाधा.
गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला,
तिठ्यावर नारळ ठेवला.
मी एकवीस वर्षांची, नवी,
फटीतून बघायचे
आणि आतून कडी घालायचे.
चार वर्षांनी ती सुटली.
सगळं श्रेय कोंबड्याला.

आये, तुला नुसतं उकडत होतं गो.
तांब्याभर पाणी आणून दिलं असतं मी.
शेजारी बसले असते.

आता पायरीवर दोन तांबे भरून ठेवते.
दुसरा कोणाचा, कोणी विचारत नाही;
सकाळी तो तुळशीला जातो.
आज पहिला संपवला, पदराने तोंड पुसलं,
आणि काही न शोधता,
काळोखात, मोठ्याने, माझ्याच तोंडून:
"सरंगा!"

आतून नवरा, झोपेतच:
"खंय?"